तापलेलं पीट आपली आम्लं कशी गमावतं

दलदलीत मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. पाण्याखाली ऑक्सिजन पोहोचत नसल्याने जिवाणूंचं काम अर्धवट राहतं आणि वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने तपकिरी, भिजलेला थर साचत जातो. हे पीट. पृथ्वीच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्के भागावरच ते आहे, तरी जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन त्यात साठलेला आहे.

यातला बराच कार्बन ह्युमिक आम्लांच्या, म्हणजे वनस्पती कुजताना बनणाऱ्या गडद तपकिरी आम्लांच्या रूपात असतो. १७८६ साली फ्रान्झ कार्ल आखार्ड या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अल्कली वापरून ती पीटमधून वेगळी काढली. पद्धत मुळात आजही तीच आहे. कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात पीट ढवळलं की द्रावण काळपट तपकिरी होतं. ते गाळून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की तपकिरी गुठळ्या तयार होऊन तळाशी बसतात.

आता तेच पीट आधी हवाबंद भट्टीत तापवा. पाणी उडून गेल्यावर, साधारण २०० अंश सेल्सिअसपासून पुढे, कार्बोक्झिल गट (रेणूंना जोडलेले कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे छोटे गट) तुटू लागतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या आम्लांचा आंबटपणा मुख्यतः याच गटांमुळे असतो. एकेक गट गेला की आम्लता तेवढी घटते. फिनॉलचे गट, म्हणजे कार्बनच्या वलयांना जोडलेले ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट, जास्त चिवट, ते मागाहून जातात. ३०० अंशांच्या पुढे रेणूंच्या लांब साखळ्या तुटून वायू आणि डांबरी वाफा निघतात, तर उरलेली कार्बनची वलयं एकमेकांना जोडली जातात. वजन घटतं, पण ऑक्सिजन आणि हायड्रोजन जास्त वेगाने गेल्यामुळे उरलेल्या पदार्थात कार्बनचं प्रमाण वाढलेलं असतं. ४०० अंशांच्या वर तापवलेलं पीट सोड्यात ढवळलं, तर द्रावणाला फारसा रंगच येत नाही. मला या साऱ्यात सर्वांत बोलकी खूण हीच वाटते, कारण ती दिसायला कुठलंही यंत्र लागत नाही.

भूगर्भात हेच फार सावकाश घडतं. गाडलेल्या पीटचा लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा होतो, त्यात ह्युमिक आम्लं भरपूर सापडतात. पुढे लाखो वर्षांच्या उष्णतेने आणि दाबाने दगडी कोळसा बनेपर्यंत ती जवळपास नाहीशी होतात.

जंगलातल्या वणव्यात मात्र हवा असते. पीट ज्वाळेविना आतल्या आत धुमसतं. १९९७ मध्ये इंडोनेशियात ते महिनोन्‌महिने धुमसत राहिलं. जिथे हवा पुरेशी मिळते तिथे आम्लांसकट सगळं जळून राख होतं. जिथे ती कमी पडते तिथे काळा कोळसा उरतो. तो सूक्ष्मजीवांना सहज पचत नाही, म्हणून त्यातला कार्बन दीर्घकाळ मातीत राहतो. पण कार्बोक्झिल गटच तांबं, शिसं यांसारखे धातू धरून ठेवत असत. ते गेल्यावर ही पकड सैल होते. शिवाय तापलेलं पीट पाणी पटकन शोषत नाही, त्यामुळे वणव्यानंतरच्या पहिल्या पावसाचं पाणी जमिनीत मुरण्याऐवजी राख घेऊन वरून वाहून जातं.