चट्टा पसरतोय का, ते पाहा

गोचीड चावल्याने होणारा लाइम आजार म्हटला की त्वचेवर लाल वर्तुळ, त्याच्या आत फिकट पट्टा आणि मधोमध लाल ठिपका असं नेमबाजीच्या लक्ष्यासारखं चित्र सगळीकडे दिसतं. माझ्या मते या चित्रामुळे दिशाभूलच जास्त होते. पुष्कळ रुग्णांचा चट्टा नुसता एकसारखा लाल असतो. सावळ्या त्वचेवर तर तो मुका मार लागल्यासारखा काळानिळा दिसू शकतो.

बघायचं ते त्याचं पसरणं. गोचीड चावल्यावर दोन दिवसांच्या आत उठणारी छोटी लाली बहुधा चावण्याचीच प्रतिक्रिया असते आणि ती विरून जाते. लाइमचा चट्टा 3 ते 30 दिवसांनी, बऱ्याचदा आठवड्याभराने उमटतो आणि दिवसागणिक वाढत 5 सेंटीमीटरच्या पुढे जातो. कधी कधी तो 30 सेंटीमीटरपर्यंतही पसरतो. हाताला तो कोमट लागतो, पण सहसा खाजत नाही की दुखत नाही. त्यामुळे पाठीवर किंवा गुडघ्याच्या मागे असेल तर कळतही नाही. 20 ते 30 टक्के रुग्णांना तर तो येतच नाही. त्यांना फक्त ताप, थकवा, अंगदुखी, डोकेदुखी होते. मग फ्लू समजून दुर्लक्ष होणारच.

बरं, गोचीड चावल्याचं तरी आठवावं? तेही अवघड. आजार पसरवणारी बहुतेकदा तिची बालावस्था असते, जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी, आणि तिचा चावा दुखत नाही.

बोरेलिया हा लाइमचा जिवाणू शरीरात पसरला की काही आठवड्यांनी चेहऱ्याची एक किंवा दोन्ही बाजू लुळी पडू शकते, मान आखडते, हृदयाचे ठोके अडखळतात, चक्कर येते. अशा वेळी थांबू नये. काही महिन्यांनी सांधे, विशेषतः गुडघा, सुजतो. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात लाइम गावाच्या परिसरात 1975च्या सुमारास मुलांचे सांधे असेच सुजू लागले, तेव्हा शोध सुरू झाला. जिवाणूची ओळख शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांच्यामुळे 1982मध्ये जगापुढे आली.

रक्ततपासणी जिवाणू शोधत नाही, प्रतिपिंडं, म्हणजे जिवाणूशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं, शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवसांतला 'निगेटिव्ह' अहवाल फारसं काही सांगत नाही आणि ठळक चट्टा दिसला तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिनसारखं प्रतिजैविक सुरू करतात. उलट, बरं झाल्यावरही प्रतिपिंडं कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. त्यामुळे नंतरच्या 'पॉझिटिव्ह'वरून आजार अजून आहे, असं ठरवता येत नाही.