दुधाच्या गावात ‘फ्रेश क्रीम’: घरच्या केकची पार्श्वभूमी

कोल्हापुरात घरून केक करून देणाऱ्या कुणाचंही व्हॉट्सॲपवरचं रेटकार्ड उघडा, ‘अर्धा किलो, एगलेस, फ्रेश क्रीम’ ही ओळ सापडतेच. बारसं, पहिला वाढदिवस, डोहाळजेवण, आजोबांची पंच्याहत्तरी, सगळ्याला तीच ओळ. अलीकडे मात्र ऑर्डर देता देता लोक मध्येच विचारतात, ‘ताई, क्रीम दुधाचंच ना?’ आणि समोरून उत्तर यायला जरा वेळ लागतो, कारण बहुतेक वेळा ते दुधाचं नसतं. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढून घेऊन ग्लास तोंडाला लावणारं हे गाव. इथं हा प्रश्न इतक्या उशिरा पडला, त्याची ही गोष्ट.

फार मागं जायची गरज नाही. रेसिडेन्सीतले साहेब किंवा 1852 मध्ये आलेले अमेरिकन मिशनरी यांच्या टेबलाचा पेठेतल्या चुलीशी संबंध नव्हता. भारतातला पहिला केक म्हणून सांगतात तो 1883 च्या नाताळातला, केरळातल्या थलश्शेरीच्या एका बेकरीतला. ‘एगलेस’ ही मात्र फक्त आपल्याकडचीच खोड समजू नये. बायकोला अंडं सोसत नाही म्हणून एका इंग्रज औषधविक्रेत्यानं 1837 मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि तिला यीस्टही चालत नाही म्हणून 1843 मध्ये बेकिंग पावडर. आपल्याकडं तीच पावडर सोवळ्याओवळ्याच्या कामी आली, एवढंच.

घरात भाजायचं साधन नव्हतं तेव्हा भट्टी बेकरीवाल्याची. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बायका बेकरीत जायच्या, तिथंच नानकटाई, बिस्किटं करून घ्यायच्या, पत्रे भट्टीत सारले जायचे आणि आपला पत्रा कुठला यावरून थोडी वादावादी व्हायची. येताना कडेवर गरम डबा. रव्याचा केकही याच वाटेनं घरात शिरला.

मग आला तो गोल ओव्हन. ॲल्युमिनियमचा, खाली तीन पाय, झाकणात कॉइल आणि मधोमध आत डोकावायला काच. शिवाजी पेठेतल्या माझ्या मावशीकडं तो ऐंशीच्या दशकात आला आणि निम्म्या गल्लीचे वाढदिवस त्याच्यातून निघाले. तापमानाचं बटण नाही. केक झाला की नाही ते वासावरून आणि विणकामाची सुई खुपसून ठरवायचं. वीज गेली तर झाकण उघडायचं नाही, हा मावशीचा नियम. मग वीज तासाभरानं येवो. कृती वहीत चिकटवलेली: आटवलेल्या गोड दुधाचा 400 ग्रॅमचा डबा, पाव किलो मैदा, लोणी, बेकिंग पावडर, खायचा सोडा आणि शेवटी बाटलीतलं सोडावॉटर. हे डबाबंद दूध साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून पंजाबात मोगा इथं तयार होऊ लागलं होतं आणि बिनअंड्याच्या केकला मऊपणा यायचा तो त्याच्यामुळंच. अंडं जे काम करतं, बांधून धरायचं आणि फुगवायचं, त्यातलं बांधायचं काम दुधातली प्रथिनं करायची आणि फुगवायचं काम सोडा.

वर आयसिंग म्हणजे लोणी किंवा डालडा आणि मिक्सरमध्ये दळून वस्त्रगाळ केलेली साखर. दातांना गार लागून टाळ्याला चिकटायचं. पण गुलाबाची फुलं उमटायची, मे महिन्यात निदान संध्याकाळपर्यंत टिकायची. आयसिंगचा कोन विकत मिळत नसे. दुधाची रिकामी पिशवी धुवून, पुसून, कोपरा कातरून मावशी त्यातून नाव लिहायची. दूध संघाची नक्षी बाहेर आणि गुलाबी आयसिंग आत, असं ते हत्यार होतं.

एका वाढदिवसाला तिनं सायीचं क्रीम करायचं ठरवलं. चार दिवसांची साय फ्रिजमध्ये साठवली, परातीत बर्फ घालून त्यावर पातेलं ठेवलं आणि हातातल्या बीटरनं फेटायला लागली. साय जाड झाली, आम्ही पोरं टाळ्या पिटणार तेवढ्यात कडेला पाणी सुटलं आणि मध्ये पिवळट गोळा. आजी म्हणाली, ‘लोणी आलं की गं. उद्या कढव.’ केक त्या वर्षी जाम लावूनच कापला.

चूक मावशीची नव्हती. क्रीम फुलतं म्हणजे स्निग्धांशाचे बारीक कण हवेच्या बुडबुड्याभोवती साखळी धरतात. त्यासाठी दूध न उकळता वेगळं काढलेलं, 30 ते 35 टक्के स्निग्धांशाचं, फ्रिजइतकं गार क्रीम लागतं. आपली साय म्हणजे उकळलेल्या दुधावरची. तिच्यातले कण आधीच एकमेकांना बिलगलेले असतात, रवी फिरवली की लोणीच धरतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश 6 ते 7 टक्के असतो याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावाही. पण त्यातून फेटायचं क्रीम घरी काढायला यंत्र लागतं. 1963 मध्ये जिल्हा दूध संघ झाला, गावोगाव संकलन सुरू झालं, तूप, श्रीखंड, लोणी सगळं आलं. केकवाल्यांना हवं तसं क्रीम मात्र पेठेतल्या दुकानात कुणी आणून ठेवलं नाही.

ती जागा भरली नव्वदच्या दशकात बेकरीतल्या काचेच्या फ्रिजनं, आणि गोंधळही तिथूनच सुरू झाला.

तोवर बेकरीत आयसिंगचा केक होता, तो बाहेरच असायचा. आता पाइनॅपल आणि ब्लॅक फॉरेस्ट आले, पांढरेशुभ्र, हलके, फ्रिजमधले. जुन्यापासून वेगळं ओळखायला नाव हवं होतं, ते पडलं ‘फ्रेश क्रीम केक’. गिऱ्हाइकानं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. आपल्या घरात फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि बाहेर राहिलं की नासतं ते दूध. तेव्हा हेही दुधाचंच. कुणी खोटं बोललं असंही नाही. कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

खोक्यावर मात्र बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ‘नॉन-डेअरी व्हिप टॉपिंग’. आत पाणी, साखर, हायड्रोजनेटेड म्हणजे हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं पाम कर्नल तेल, तेल-पाणी एकत्र धरणारा इमल्सिफायर, फेस टिकवणारा स्टॅबिलायझर. याचं मूळ 1945 मधलं आणि गाव न्यूयॉर्क राज्यातलं बफलो. तिथं एकानं सोयाबीनपासून फुलणारं क्रीम काढलं. युद्धामुळं खऱ्या क्रीमची टंचाई होती, हे मात्र गोठवून बरेच दिवस ठेवता यायचं. दूधवाले चिडले, क्रीम म्हणू नका म्हणून कोर्टात गेले. म्हशीच्या नावाच्या शहरातून म्हशीवाचूनचं क्रीम निघालं आणि पन्नासेक वर्षांत म्हशींच्या गावात येऊन पोचलं, यावर आमच्या दूधकट्ट्यावर एखादी कोटी व्हायला हवी होती.

गुंता एवढ्यावर संपत नाही. ‘नॉन-डेअरी’ म्हणवणाऱ्या यातल्या बऱ्याच ब्रँडमध्ये सोडियम केसिनेट असतं, म्हणजे दुधातलंच प्रथिन. मग त्याच खोक्यावर ‘यात दूध आहे’ अशी ॲलर्जीची सूचनाही येते. ज्याला दुधाचा खरा त्रास आहे त्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला ‘हे नॉन-डेअरीच आहे, चालतंय’ असं सांगणं धोक्याचं, आणि ‘हे दुधाचंच आहे’ म्हणणंही खोटं.

त्यात आणखी एक पेच. किराणा दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळतं त्यावरही ‘फ्रेश क्रीम’च लिहिलेलं असतं, आणि ते खरोखर दुधाचं असतं. त्यात स्निग्धांश 25 टक्के. अन्न सुरक्षेच्या नियमांत 25 टक्क्यांचं ते ‘लो फॅट’, 40 चं ‘मीडियम’, 60 चं ‘हाय फॅट’ अशी उतरंड आहे. पंजाबी भाजीत घालायला पहिल्या पायरीवरचं उत्तम, पण फेटायला निरुपयोगी. नव्यानं केक शिकणारी प्रत्येकजण एकदा तरी ते पाकीट फोडून अर्धा तास बीटर फिरवते आणि शेवटी त्याची कोशिंबीर करते. म्हणजे ज्याच्यावर ‘फ्रेश क्रीम’ छापलंय ते दुधाचं आहे पण केकवर उभं राहत नाही. आणि केकवर जे उभं राहतं त्याला आपण फ्रेश क्रीम म्हणतो पण ते दुधाचं नाही.

असा शब्दाचा घोळ आपल्याकडं पहिल्यांदा झालेला नाही. 1937 मध्ये डालडा आला तेव्हा त्याला ‘वनस्पती तूप’ म्हणायला लागले, आणि साजूक तुपात तो मिसळला जाईल ही भीती इतकी खरी ठरली की वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती झाली. भेसळ असेल तर तीळतेलामुळं चाचणीत लाल रंग यावा म्हणून. ‘तूप’ हा शब्द वाचवायला सरकारनं प्रयोगशाळा कामाला लावली. क्रीमच्या बाबतीत तेवढी कळकळ दिसली नाही. 2021 मध्ये दुधाचे शब्द बिगरदुधी मालाला लावू नका असं ऑनलाइन विक्रेत्यांना बजावलं गेलं, पण रोख सोया आणि बदामाच्या ‘दुधा’वर होता. केकच्या काउंटरवर तो पोचला नाही.

घरच्या केकवाल्यांची बाजूही सांगायला हवी, कारण या वादात त्यांनाच फार बोलून घ्यावं लागतं. व्हिप टॉपिंग फेटलं की तिपटीचौपटीनं फुगतं. रंकाळ्यावरून कसबा बावड्याला एप्रिलच्या दुपारी, दुचाकीवर, दोन पायांच्या मध्ये खोकं धरून न्यायचं तर दुधाचं क्रीम वाटेतच बसतं. दुधाचं क्रीम महाग पडतं. गिऱ्हाईक मात्र दर शेजारणीशी ताडून बघतं. अर्धा किलोच्या केकमध्ये दोनशे रुपयांचा फरक पडला की ‘राहू दे, बेकरीतून आणतो’ हे ठरलेलं. माझं मत विचाराल तर क्रीम बदलण्याआधी शब्द बदलावा. ‘व्हिप क्रीम’ म्हटलं तरी पुष्कळ आहे.

या सगळ्याला वेग आला तो गेल्या सहा-सात वर्षांत. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, दुधाचं संकलन थांबलं. पेठांमध्ये वीज नव्हती. उणे 18 अंशांवर ठेवायची क्रीमची खोकी फ्रीजरमध्येच वितळली, आणि एकदा वितळलेलं पुन्हा गोठवलं की नीट फुलत नाही. ज्यांनी नुकता धंदा सुरू केला होता त्यांनी ती खोकी टाकून दिली.

पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी. बेकऱ्या बंद, वाढदिवस चालू. त्या दोन महिन्यांत बिस्किटांचा चुरा, दूध आणि इनोची पुडी घालून कुकरमध्ये मिठावर केक न केलेलं घर शोधावं लागेल. त्यातून बऱ्याचजणींचा हात बसला आणि नोकरी गेलेल्या घरांत त्याच हातानं पैसेही आले. राजारामपुरी, शाहूपुरीतल्या केकच्या सामानाच्या दुकानांत टर्नटेबल, नोझल, पॅलेट नाइफ हे शब्द कांदेबटाट्यासारखे उच्चारले जाऊ लागले. हातोडीनं फोडायचा पिनाटा आला, फोटो छापलेला साखरेचा कागद आला. पेठेच्या फुटबॉल संघाच्या रंगाचा केक, कुस्तीच्या आखाड्याचा केक, कोल्हापुरी चपलेचा केक, आणि वर चॉकलेटनं ‘नाद खुळा’. फोंडंटच्या, म्हणजे साखरेच्या मळलेल्या लगद्याच्या, बाहुल्या जुलैमध्ये मात्र घाम फुटल्यासारख्या ओल्या होतात. साखर हवेतलं पाणी ओढून घेते, त्याला पंचगंगेकाठी इलाज नाही. कपकेकचं फॅड शाळेत वाटायला सोयीचं म्हणून टिकलं. कापायला सुरी नको, भांडण नको.

घरातल्या थोरांची तक्रार वेगळीच होती: दिवा लावून ओवाळायचं सोडून मेणबत्ती फुंकायची कसली? यावर तोडगा कुणी ठराव करून काढला नाही. आधी तबक घेऊन औक्षण, मग केक, आणि मेणबत्तीच्या जागी फुलबाजीसारखी ठिणग्या उडवणारी कांडी, जी फुंकावी लागत नाही.

कायदा याच काळात घरापर्यंत आला. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आणि 2011 चे नियम यांनुसार छोट्या उलाढालीच्या विक्रेत्यांनाही नोंदणी करावी लागते, घरातून विकलं तरी. अनेकींना हे ऑनलाइन डिलिव्हरीवाल्यांनी नंबर मागितला तेव्हाच कळलं. तेल असं घट्ट करताना तयार होणाऱ्या अपायकारक चरबीवर, म्हणजे तेला-तुपातल्या ट्रान्सफॅटवर, 2021 मध्ये 3 टक्क्यांची आणि 2022 मध्ये 2 टक्क्यांची मर्यादा आली, आणि हायड्रोजनेटेड हा शब्द मग वर्तमानपत्रांतून घरोघरी गेला. ‘क्रीम दुधाचंच ना?’ या प्रश्नाचा उगम बराचसा तिथं आहे. गव्हाच्या पिठाचा, 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या इथल्या गुळाचा केक मागायला लोक लागले तेही साधारण तेव्हाच. गंमत म्हणजे त्या केकवरही पुष्कळदा तेच क्रीम थापलेलं असतं.

फेटण्याजोगं खरं डेअरी क्रीम आता गावात मिळतं. माझ्या ओळखीतल्या एका ताईंनी मागच्या वर्षी रेटकार्ड नव्यानं टाइप केलं. ‘फ्रेश क्रीम’ ही ओळ काढून टाकली आणि तिच्या जागी दोन ओळी घातल्या, ‘व्हिप क्रीम’ आणि ‘दुधाचं क्रीम’, वेगवेगळ्या दरांनी. पहिल्या महिन्यात दुसऱ्या ओळीची एकच ऑर्डर आली. केक घरी पोचल्यावर फोन आला, ‘ताई, क्रीम जरा बसल्यासारखं दिसतंय, शिळं नाही ना?’ त्यांनी समजावून सांगितलं. आता त्या ओळीपुढं कंसात लिहिलंय: एक दिवस आधी सांगणे, स्वतः येऊन नेणे, मार्च ते मे बंद.