बीटा पेशी किती उरल्या, हे रक्तातून कसं कळतं

टाइप १ मधुमेहात रक्तातली साखर वाढते ती सगळ्यात शेवटी. त्याआधी कित्येक महिने, बहुतेकदा कित्येक वर्षं, शरीराचीच प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारत असते आणि उरलेल्या पेशी जादा काम करून साखर जागेवर ठेवत असतात. त्या किती उरल्या, हे थेट बघायची सोय नाही. बीटा पेशी ज्यांत असतात ती इन्सुलिन बनवणारी पेशींची बेटं स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम १ ते २ टक्के. तुकडा काढून तपासावा, तर पाचक रस गळण्याचा धोका. नॉर्वेत नुकतंच निदान झालेल्या ६ प्रौढांवर असा अभ्यास झाला आणि गुंतागुंतींमुळे तो तिथेच थांबवावा लागला. त्यामुळे सगळी भिस्त रक्तावर.

मग रक्तातलं इन्सुलिनच का मोजू नये? एक तर रुग्ण बाहेरून इन्सुलिन घेत असेल, तर घरचं कुठलं आणि बाटलीतलं कुठलं हे वेगळं काढणं अवघड. दुसरं म्हणजे स्वादुपिंडातून निघालेल्या इन्सुलिनपैकी साधारण निम्मं यकृत पहिल्याच फेरीत गिळून टाकतं, आणि उरलेलंही काही मिनिटांत ओसरतं. इथे कामाला येतं सी-पेप्टाइड. बीटा पेशी आधी ८६ अमिनो आम्लांची एक सलग साखळी बनवते. हे प्रो-इन्सुलिन; शिकागो विद्यापीठातल्या डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये ते दाखवून दिलं. पेशीतच या साखळीची काटछाट होऊन ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन वेगळं होतं आणि मधला ३१ अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे सी-पेप्टाइड, सुटा होतो. इन्सुलिनच्या जितक्या रेणूंची सुटका, तितकेच रेणू सी-पेप्टाइडचे. दाणे खाऊन संपले तरी टरफलांवरून शेंगा किती सोलल्या ते कळावं, तसा हा हिशेब. यकृत त्याला फारसं हात लावत नाही, रक्तात ते २० ते ३० मिनिटं टिकतं, आणि बाजारातल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं.

मोजायची काटेकोर पद्धत म्हणजे मिश्र आहार चाचणी. रात्रभर उपाशी राहायचं. सकाळी नाश्त्याचं झटपट इन्सुलिन चाचणी संपेपर्यंत थांबवतात, बेसल, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन, चालू ठेवतात. मग ठरावीक कर्बोदकं, प्रथिनं आणि मेद असलेलं पेय वजनाच्या दर किलोला ६ मिली, जास्तीत जास्त ३६० मिली, पाचेक मिनिटांत प्यायचं. २५ किलोच्या मुलाला १५० मिली. पेयाआधी आणि नंतर दोन तासांपर्यंत ठरल्या वेळांना रक्त घेतात. एकच नमुना घेणं शक्य असेल तर ९० मिनिटांचा. ग्लुकागॉन या संप्रेरकाचं १ मिलिग्रॅम शिरेतून देऊन ६ मिनिटांनी रक्त घ्यायचीही पद्धत आहे. ती पटकन उरकते, पण पुष्कळांना मळमळतं.

रोजच्या दवाखान्यात एवढं कोणी करत नाही, आणि करायची गरजही क्वचितच पडते. जेवणानंतर पाच तासांच्या आत घेतलेला साधा नमुना बहुतेक वेळा पुरतो. इन्सुलिनवर असलेल्या रुग्णात आकडा लिटरला २०० पिकोमोलपेक्षा कमी आला, तर बीटा पेशींचं काम जवळपास संपलं असं धरतात. ६०० च्या वर असेल आणि आजार काही वर्षांचा असेल, तर हा टाइप १ नसावा अशी शंका घ्यावी. मधल्या आकड्यांवरून एकट्याने निर्णय होत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब मिलिलिटरला नॅनोग्रॅममध्ये रिपोर्ट देतात. तिथे हेच टप्पे ०.६ आणि १.८ असे वाचायचे. एकक न बघता आकडा वाचला की घोळ ठरलेला.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या नमुना घेताना. सी-पेप्टाइडसोबत त्याच वेळची साखर मोजलेली नसेल, तर तो रिपोर्ट अर्धाच. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असताना धडधाकट बीटा पेशीसुद्धा गप्प बसते. तो कमी आकडा पेशी मेल्याचा पुरावा नव्हे. याच्या उलट टोकालाही तीच फसगत. कीटोअॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचणं) होऊन दाखल झालेल्या रुग्णाच्या पेशी चढ्या साखरेने तात्पुरत्या सुन्न झालेल्या असतात. म्हणून अशा प्रसंगानंतर निदान दोन आठवडे ही तपासणी करू नये. मूत्रपिंड निकामी असेल तर सी-पेप्टाइड बाहेर पडत नाही आणि आकडा खोटा फुगतो. केसांसाठी म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या ५ ते १० मिलिग्रॅमच्या गोळ्या काही लॅबच्या पद्धतीत हाच आकडा खोटाच कमी दाखवतात. तपासणीआधी त्या किती दिवस बंद ठेवायच्या हे लॅबला विचारावं. नळीचंही महत्त्व आहे. साध्या नळीतला नमुना तासन् तास खोलीच्या तापमानात पडून राहिला तर सी-पेप्टाइड झिजतं. ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत ते दिवसभर टिकतं. तालुक्याहून शहरात नमुने पाठवणाऱ्या कलेक्शन सेंटरने एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

निदान झालं म्हणजे सगळ्या पेशी संपल्या, असं नसतं. '८० ते ९० टक्के पेशी गेल्यावरच लक्षणं दिसतात' हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं, पण ते सरसकट खरं नाही. लहान मुलांत नाश जास्त झालेला असतो. मोठ्या वयात निदान झालेल्यांत बऱ्याच पेशी शिल्लक सापडतात. इन्सुलिन सुरू झाल्यावर त्यांना उसंत मिळते आणि काही महिने अगदी थोड्या डोसवर भागतं. हाच हनिमून काळ. तो चालू आहे की सरला, हे सी-पेप्टाइडशिवायही ताडता येतं: एचबीए१सीच्या, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीच्या, टक्क्यांत वजनाच्या दर किलोमागे दिवसाला लागणाऱ्या इन्सुलिन युनिटची चौपट मिळवायची. २० किलोच्या मुलीचं एचबीए१सी ७ आणि दिवसाचं इन्सुलिन ८ युनिट असेल, तर किलोमागे ०.४, त्याची चौपट १.६, बेरीज ८.६. बेरीज ९ किंवा कमी म्हणजे हनिमून चालू. तेच ७ टिकवायला १६ युनिट लागू लागले, तर बेरीज १०.२. हा हिशेब एचबीए१सी खरं असेल तरच चालतो. लोहाच्या कमतरतेत ते खोटं वाढतं. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून ते खोटं घटतं. विदर्भ आणि नंदुरबार भागात हे आवर्जून तपासावं.

ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत निदानानंतरची पहिली सात वर्षं सी-पेप्टाइड दरवर्षी साधारण निम्म्याने घटताना दिसलं, पुढे ती घसरण जवळपास थांबली. तळाशी उरलेल्या या थोडक्या इन्सुलिनलाही मोल आहे. जेवणानंतरचं सी-पेप्टाइड २०० च्या वर राहिलेल्यांत साखर एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग आणि डोळ्यांच्या पडद्याचं नुकसान कमी आढळतं.

लक्षणांच्या आधीचा काळ अँटिबॉडींवरून, म्हणजे प्रतिकारयंत्रणेने बीटा पेशींतल्या प्रथिनांविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांवरून ओळखतात. जीएडी, आयए-२, इन्सुलिन आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ यांच्याविरुद्धच्या चारपैकी दोन किंवा जास्त सापडल्या आणि साखर नॉर्मल असली, तर पहिली पायरी. साखर बिघडू लागली की दुसरी. अँटिबॉडी हल्ला चालू असल्याचं सांगतात, पेशी किती दमल्या ते सांगत नाहीत. त्यासाठी दर किलोला १.७५ ग्रॅम, कमाल ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांची साखर बघतात. १४० ते १९९ म्हणजे दुसरी पायरी. शिरेतून ग्लुकोज देऊन पहिल्या काही मिनिटांतली इन्सुलिनची उसळी मोजली, तर ती याच्याही आधी मंदावलेली दिसते. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळालेलं टेप्लिझुमॅब हे औषध दुसऱ्या पायरीवरच देतात आणि त्याने तिसरी पायरी, म्हणजे उघड आजार, सरासरी दोनेक वर्षं पुढे ढकलला जातो. म्हणून ही पायरी नेमकी पकडणं आता नुसतं कुतूहल राहिलेलं नाही.

दमलेल्या पेशीची आणखी एक खूण म्हणजे अर्धवट काम. ताणाखाली काटछाट पूर्ण होत नाही आणि कच्चं प्रो-इन्सुलिनच रक्तात सुटतं. त्यामुळे प्रो-इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड यांचं गुणोत्तर वाढतं, तेही उघड मधुमेहाच्या आधी. सी-पेप्टाइड सापडेनासं झालेल्या जुन्या रुग्णांतही प्रो-इन्सुलिन मिळालं आहे. म्हणजे तिथे पेशी आहेत, पण माल पुरा करण्याची ताकद त्यांच्यात उरलेली नाही.

हे सगळे मापदंड जिवंत पेशींचं काम मोजतात. मरणाऱ्या पेशी मोजण्याचाही प्रयत्न चालू आहे: बीटा पेशीत इन्सुलिनच्या जनुकावर मिथाइल गट (डीएनएवर चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) जवळपास नसतात, इतर पेशींत ते असतात. पेशी फुटून रक्तात आलेले या जनुकाचे असे बिनमिथाइल तुकडे मोजले, तर नाश चालू असल्याचं कळायला हवं. प्रत्यक्षात ते तुकडे अत्यल्प असतात, लवकर नष्ट होतात आणि नव्याने निदान झालेल्यांतही प्रत्येक वेळी सापडत नाहीत. संशोधनाबाहेर ही तपासणी कोणी सुचवली, तर तेच पैसे नीट घेतलेल्या सी-पेप्टाइडवर आणि सोबतच्या साखरेवर खर्च करावेत.