काचेच्या कौलाखालची पेटी

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरात मंगलोरी कौलांच्या मधोमध एक काचेचं कौल आहे. दुपारी बाराच्या सुमारास त्यातून माजघरात कवडसा उतरतो. गेल्या श्रावणात त्या कवडशात मी वाटाण्याएवढी एक चकती ठेवली, तिच्या दोन तारा एका छोट्या सर्किटला जोडल्या, आणि स्पीकर असा केकाटला की आई ओटीवरून धावत आली. "ह्या काय रे बोंबलता?" तेवढ्यात ढग आला आणि केकाटणं शिट्टीवर आलं. चकतीवर पंजा आडवा धरला तर आवाज आणखी उतरून पेटीच्या मधल्या पट्ट्यांपाशी पोचला.

ही चकती म्हणजे एलडीआर (लाइट डिपेंडंट रेझिस्टर), उजेडाप्रमाणे विरोध बदलणारी. तिच्यावरच्या नागमोडी रेघेत कॅडमियम सल्फाइड असतं. अंधारात त्यातले इलेक्ट्रॉन जागच्या जागी बांधलेले असतात, त्यामुळे विजेला होणारा विरोध लाखो ओहमांवर जातो. प्रकाश पडला की ते सुटे होतात. भर उन्हात विरोध काही शे ओहमांवर येतो. हा गुण आधी सेलेनियममध्ये सापडला, १८७३ साली. विलोबी स्मिथ नावाचा इंग्रज इंजिनिअर समुद्राखालच्या तारांच्या चाचणीसाठी सेलेनियमच्या कांड्या वापरत होता, आणि उजेड पडला की त्यांचा विरोध उतरत होता. (कॅडमियम विषारी आहे. चकती मुलांना घासू-फोडू देऊ नका.)

विरोधाचा स्वर करतं ते ५५५ नावाचं आठ पायांचं आयसी, म्हणजे एका चिपमधलं तयार सर्किट. हान्स कामेनझिंडने ते १९७१ साली आखलं आणि आजही ते चिल्लर पैशांत मिळतं. वीज साठवणारा कंडेन्सर ही घागर समजा आणि विरोध म्हणजे तिच्यात पाणी सोडणारी तोटी. घागर दोन-तृतीयांश भरली की ५५५ ती रिकामी करू लागतं, एक-तृतीयांश उरली की पुन्हा भरू देतं. ही भर-ओत सेकंदाला जितक्या वेळा होईल तितकी स्वराची कंप्रता. उजेड वाढला की तोटी मोठी होते, घागर पटापट भरते, स्वर चढतो.

जोडणी सोपी आहे. चौथा आणि आठवा पाय नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकाला, पहिला ऋण टोकाला. आठव्या आणि सातव्यामध्ये १ किलोओहम, सातव्या आणि सहाव्यामध्ये एलडीआर. सहावा आणि दुसरा एकमेकांना जोडून तिथून पहिल्यापर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. तिसऱ्या पायातून १० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमार्फत स्पीकर. एवढ्यावर एलडीआरचा विरोध २५ किलोओहमांच्या थोडा वर असला की साधारण २७७ हर्ट्झ येतात, म्हणजे पेटीवरची काळी एक. कवडशातल्या ३०० ओहमांना मात्र ९,००० हर्ट्झ. आई धावत आली त्यात नवल नाही.

मला यातली खरी गंमत पुढे वाटते. आपला कान फरक मोजत नाही, पट मोजतो: कंप्रता दुप्पट झाली की वरचा सा. एलडीआरही उजेड पटीतच मोजतो. साधारण अडीच-तीन पट उजेड वाढवा, एक सप्तक चढतं, मग सुरुवात मिणमिणत्या समईपासून असो की खिडकीपासून. म्हणून हे यंत्र हाताला इतक्या लवकर वश होतं.

वश होतं, पण सुरात येत नाही! पेटीत पट्ट्या ठरलेल्या, तिथे मींड निघत नाही. इथे नुसती मींडच आहे, पट्टी कुठेच नाही. बोटभर सावली सरकली की षड्जाचा ऋषभ. पुतण्याने दोन दिवस झटून सा-रे-ग जवळपास जमवला, तर संध्याकाळी दिवा लावल्यावर सगळं बिनसलं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. स्वस्त एलईडीत ते जास्तच, आणि स्वराला घरघर लागते. रात्री वाजवायचं तर सेलवरच्या टॉर्चचा उजेड बरा.

हवेत हात फिरवून वाजणारं मूळ वाद्य थेरेमिन. लेव्ह तेरमेन या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने ते १९२०च्या सुमारास केलं; तो खरं तर वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं यंत्र बांधत होता. त्यात उजेडाचा संबंध नाही. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाजाला हेलकावा येतो, शाळेच्या पुस्तकातले विस्पंद, त्यावर ते चालतं. समजा, दोन आंदोलक, म्हणजे ठरावीक कंप्रतेने कंपणारी सर्किटं, ३,००,००० हर्ट्झवर आहेत. तुमचा हात एकाच्या अँटेनाजवळ आला की त्याची धारकता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, किंचित वाढते आणि तो २,९९,७२३वर उतरतो. फरक २७७, आपली काळी एक. यासाठी धारकता हजारात दोन भागही वाढावी लागत नाही. कोकणातल्या ओल्या हवेत हे नाजूकपण अंगाशी येतं. माझ्या थेरेमिनचा सा चहा होईपर्यंत सरकलेला असायचा. ते माळ्यावर टाकलं आहे.

एलडीआरला दमटपणा फारसा बाधत नाही, सोल्डरचे टाके मात्र खाऱ्या हवेने हिरवे पडतात. त्यांवर नेलपॉलिशचा हात फिरवा. आणि कवडशात वाजवणार असाल तर सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो हे लक्षात ठेवा. कौल बारा-तेरा फुटांवर असेल तर जमिनीवर कवडसा तेवढ्यात चार बोटं जातो. आमच्याकडे पुतण्या वाजवतो आणि आई चकतीखालचा पाट पायाने सरकवत राहते.