द्राक्षबागेतला मुंगळा ‘बुलेट अँट’ नव्हे
‘नाशिकच्या बागांत अ‍ॅमेझॉनची बुलेट अँट शिरली, चावली की चोवीस तास तडफड’ हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येतो. ती मुंगी जहाल, हे खरंच. पण बुलेट अँट (शास्त्रीय नाव पॅरापोनेरा क्लॅवाटा) मध्य व दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांत राहते, आणि वेदना होते ती तिच्या पोटाच्या टोकाच्या नांगीने. आपला काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, याला नांगीच नाही. तो जबड्याने चावतो, वर फॉर्मिक आम्ल सोडतो, म्हणून चुरचुरतं. मोठ्या डोक्याचे मुंगळे वेगळ्या जातीचे समजू नका, एकाच वारुळात लहान आणि मोठ्या डोक्याचे दोन्ही असतात. मुंगळा वेलीवर चढतो तो मिलीबगच्या (पिठ्या ढेकणाच्या) गोड चिकट्यासाठी. तेव्हा आधी मिलीबग शोधा.