रेप्लिका, विंटेज आणि चॅसी नंबरचा घोळ

जीपच्या चॅसीवर, म्हणजे खालच्या मूळ सांगाड्यावर, फायबरची बॉडी चढवून परवा-परवा बांधलेली गाडी वरातीला आली की दुसऱ्या दिवशी फोटोखाली ‘विंटेज कारमधून नवरदेवाची मिरवणूक’ असं छापून येतं. आणि कुणाच्या आजोबांची, वर्षानुवर्षं पडवीत उभी असलेली खरीखुरी मॉरिस दुरुस्त होऊन बाहेर पडली की तीच माणसं म्हणतात, “सगळं नवं घातलंय की, आता कुठली ओरिजनल?” दोन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच: गाडीचा खरे-खोटेपणा आपण पत्रा किती जुना यावर ठरवतो.

जुनी गाडी म्हणजे काय हे सीमाभागात कुणाला शिकवायला नको. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक बघायला इथून माणसं जातात. सांगली, मिरज, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग अशी संस्थानं चहूबाजूंनी होती, त्यांच्या गाड्यांच्या गोष्टी ऐकतच आपण वाढलो. विंटेज की क्लासिक हा वादही मी सोडून देतो. इंग्लंडमधल्या क्लबांच्या हिशेबात विंटेज म्हणजे १९१९ ते १९३०. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटली की गाडी विंटेज. इथे सरकारी व्याख्या धरू.

रेप्लिका, म्हणजे जुन्या गाडीच्या रूपाची नव्याने बांधलेली गाडी, मात्र नीट कळलेली नसते. ही कल्पना काही वरातीसाठी जन्मलेली नाही. अमेरिकेतले डिझायनर ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी १९६४ मध्ये स्टुडबेकरच्या चॅसीवर एक्सकॅलिबर उभी केली, ती १९२८ च्या मर्सिडीज एसएसकेच्या धाटणीवर. मूळ एसएसके गाड्या चाळीससुद्धा बनल्या नव्हत्या. इंग्लंडच्या पँथर कंपनीने १९७२ मध्ये जॅग्वार एसएस १०० च्या रूपाची जे७२ काढली आणि पुढे बुगाटी रॉयालच्या थाटाची डेव्हिल. मूळ रॉयाल जगात मोजून सहा-सात बनल्या, तेव्हा ती दिमाखाची गाडी हवी असणाऱ्याला दुसरा रस्ताच नव्हता. या गाड्या घेणाऱ्यांनी त्या मर्सिडीज किंवा बुगाटी आहेत असं भासवलं नाही. एक्सकॅलिबर ही एक्सकॅलिबर म्हणूनच विकली गेली. प्रामाणिक रेप्लिका ती हीच, आणि तिच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे.

आता जिथे सगळे अडखळतात तिथे येऊ. दुरुस्त केलेल्या जुन्या गाडीत नवं किती चालतं? पुष्कळ चालतं. मडगार्ड नव्याने ठोकलेलं, वायरिंग नवं, सीट नव्या, रेडिएटरचा गाभा नवा, पिस्टन आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत खरादीवर चढवून बनवलेले, तरी गाडी खरीच. कारण तिची ओळख तुटलेली नसते. कंपनीने ज्या चॅसीवर नंबर ठोकला तीच चॅसी आहे, बॉडीचा साचा त्याच गाडीचा आहे, इंजिन तेच किंवा त्याच जातीचं आहे, आणि पहिल्या मालकापासून आजपर्यंत कागद एकामागून एक जुळतात. घराण्याची वही असते तशी ही साखळी. पानं जीर्ण झाली तरी नोंदी सलग हव्यात.

याउलट रेप्लिकेत सगळे भाग जुने असले तरी ती रेप्लिकाच. फसवणूक होते ती नेमकी इथे. विकणारा आरसी पुढे करतो: नोंदणी १९६८, चॅसी नंबर जुळतो, शिक्का खरा. गिऱ्हाईक खूश. पण ते कागद १९६८ च्या जीपचे आहेत, आणि समोर उभी आहे ती लांब बॉनेटची, चकचकीत हेडलाइटची, १९३० च्या मर्सिडीजचा मुखवटा घातलेली गाडी. जीप म्हणून ती ५० वर्षांची आहे हे खरं. पण ती जीप राहिलेली नाही आणि मर्सिडीज कधी नव्हती. म्हणून केवळ ‘चॅसी नंबर जुळला’ हे उत्तर अपुरं आहे. तो नंबर कुठल्या कंपनीच्या कुठल्या मॉडेलला दिलेला होता, आणि समोरची बॉडी त्याच मॉडेलची आहे का, हे दोन प्रश्न एकत्र विचारायचे.

सरकारी नियमही हेच पाहतो. विंटेज नोंदणीसाठी वय पुरेसं नाही. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. जीपची मर्सिडीज करून रस्त्यावर आणलीत तर अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. हे विकताना कुणी सांगत नाही आणि त्याचा मला खरोखर राग आहे.

एक अवघड उदाहरण जॅग्वारचं. १९६३ मध्ये कंपनीने हलक्या वजनाच्या ई-टाइप १८ बनवायच्या ठरवल्या, बनल्या १२. उरलेले सहा चॅसी नंबर वापरून २०१४ पासून त्याच कंपनीने सहा गाड्या बांधल्या. नंबर जुना, कारखानदार तोच. तरी माझ्या मते ही रेप्लिकाच, फक्त जन्मदात्याने केलेली. ५० वर्षांचा रस्ता त्या गाडीने पाहिलेला नाही.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. बॉडीला लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर बहुधा फायबर. (ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, म्हणून बोटाने वाजवून बघा.) त्या काळच्या हाताने बांधलेल्या बॉड्यांच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असे, तो दाराच्या आतल्या बाजूला सापडतो. आणि बॉनेट उघडाच: फोक्सवॅगन बीटलवर बांधलेल्या एसएसके-धाटणीच्या गाडीत त्या लांबलचक बॉनेटखाली इंजिन नसतंच, ते मागे असतं.

मालकांबद्दलही बोललं पाहिजे. खऱ्या गाडीचा मालक जुलै-ऑगस्टच्या पावसात लाकूड फुगेल म्हणून झोपत नाही आणि ड्रम ब्रेकवर चोर्ला घाट उतरायचं टाळतो. रेप्लिकावाल्याला चावी फिरवली की गाडी चालू, बोलेरोचा मेस्त्रीसुद्धा हात लावू शकतो. ही सोय त्याचा हक्क आहे, त्याला हिणवणारे विंटेजवाले मला आवडत नाहीत. फक्त त्याने पाटीवर विंटेज लिहू नये. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी धंद्यासाठी वापरताच येत नाही; म्हणजे जी ‘विंटेज’ वरातीला भाड्याने मिळते, तिचे कागद मागून बघाच. २०२१ नंतर विंटेज म्हणून नवी नोंदणी झाली असेल तर नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असतं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, त्यामुळे व्हीए नाही म्हणून लगेच खोटी ठरवू नका.

रेप्लिका आवडली असेल तर जरूर घ्या. पण पावतीवर ‘अमुक मॉडेलच्या चॅसीवर अमुक साली बांधलेली रेप्लिका’ असं लिहून घ्या, आणि विकणारा ते लिहायला का-कू करू लागला तर टोकन देऊ नका.