दीड लाख पोस्टांमागचा हिशेब

१ ऑक्टोबर १८५४ ला टपालाचा कारभार देशभरासाठी एका खात्याखाली आला. तेव्हा त्या खात्याकडे ७०१ पोस्ट ऑफिसे होती. स्वातंत्र्याच्या वेळी हा आकडा २३,३४४ झाला होता आणि मार्च २०१७ अखेरीस १,५४,९६५. म्हणजे सत्तर वर्षांत साडेसहा पटींहून जास्त वाढ. पत्रव्यवहार वाढला म्हणून पोस्टे वाढली, असे सहज वाटते. माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. पोस्ट उघडण्याची एक अत्यंत स्वस्त पद्धत खात्याच्या हाती होती.

२०१७ च्या आकड्यातली १,३९,०६७ पोस्टे ग्रामीण भागातली. त्यांतली बहुसंख्य हेड किंवा सब पोस्ट ऑफिसे नाहीत, तर ब्रँच, म्हणजे शाखा डाकघरे. ब्रँच पोस्ट डोळ्यांसमोर आणा: पोस्टमास्तरांच्याच घराची ओसरी, एक टेबल, तारखेचा शिक्का, शाईचे पॅड, तिकिटांची आणि रोकडीची पेटी. सब ऑफिसातून थैली येते, टपाल वाटले जाते, मनीऑर्डरी चुकत्या होतात, पासबुकात नोंदी होतात आणि दिवसाचा हिशेब थैलीतूनच परत जातो. हे मास्तर खात्याचे पूर्णवेळ नोकर नव्हतेच. शाळेतले गुरुजी, किराणा दुकानदार किंवा निवृत्त माणूस दिवसातले काही तास हे काम करी. पोटापाण्याचे दुसरे साधन असणे आणि पोस्टासाठी जागा स्वतः देणे, या त्यांच्यासाठीच्या अटी होत्या. ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ हे त्यांचे जुने नाव, गावातल्या तोंडी नुसते ‘ईडी’. ही मंडळी सरकारी पदच धारण करतात, हे सर्वोच्च न्यायालयाला १९७७ मध्ये सांगावे लागले. तरीही नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा त्यांना मिळालेला नाही. २००१ च्या नियमांनी त्यांचे नाव ‘ग्रामीण डाक सेवक’ झाले.

खर्च कमी असला तरी शाखा तोट्यातच चालणार, हे सरकारने मान्य केले होते. साध्या ग्रामीण भागात ३,००० लोकवस्तीचा गावसमूह, जवळच्या पोस्टापासून ३ किलोमीटर अंतर आणि खर्चाच्या निदान एक तृतीयांश उत्पन्न, एवढ्यावर शाखा मिळे. डोंगराळ, आदिवासी आणि दुर्गम भागात ५०० लोकवस्ती आणि १५ टक्के उत्पन्न पुरे. कोकणातल्या वाड्यांना हा तोटा सोसण्याचे मोल वेगळे सांगायला नको. गिरणीतल्या माणसाची मनीऑर्डर आली की घरात मीठमिरची येई. मनीऑर्डरची सोय १८८० ची, बचत बँकेची १८८२ ची. खेड्यात बँक पोचण्याच्या कितीतरी आधी हे दोन्ही व्यवहार पोस्टमास्तरांच्या टेबलावर चालू होते.

शतक संपता संपता आकडा दीड लाखापार गेला आणि मग अडला. नवी पदे निर्माण करण्यावर निर्बंध आल्याने नवे पोस्ट हवे तर दुसरीकडचे पद हलवावे लागे. शहरांत काही सब ऑफिसे एकमेकांत विलीन झाली. पत्रेही आटली. वर्षानुवर्षे आकडा जवळपास तिथेच राहिला, पण खाली पोस्टांची जागा बदलत होती.

अलीकडे आकडा पुन्हा हलला तो पत्रांमुळे नव्हे, पैशांच्या व्यवहारामुळे. सप्टेंबर २०१८ मध्ये पोस्टाची पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली आणि शाखांत हातात धरायची यंत्रे आली. नक्षलग्रस्त जिल्ह्यांत बँकेपासून दूर असलेल्या गावांसाठी हजारो नव्या शाखा मंजूर झाल्या आणि एकूण संख्या १ लाख ६४ हजारांच्या वर गेली. या सगळ्यात शाखा चालवण्याची पद्धत मात्र जुनीच राहिली. २०१८ च्या सुधारणेनुसार शाखा डाकपालाला चार तासांच्या कामासाठी महिना किमान १२,००० रुपये आणि पाच तासांसाठी १४,५०० रुपये भत्ता ठरला. पोस्टाची जागा अजूनही त्यानेच द्यायची आहे.